आई ५२ वर्षांची आहे. रात्री चार-पाचदा लघवीला उठते, जळजळही वारंवार होते. नागपूरच्या उन्हाळ्यामुळे असेल का?

सगळं उन्हावर ढकलू नका. पारा ४५ ला टेकला की लघवी गडद होते, जळजळते, हे खरं. पण तेव्हा ती कमी होते, रात्री चारदा उठवत नाही.

आधी साखर तपासा: उपाशीपोटीची आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी). उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, तेही दोनदा आली, तर मधुमेह समजतात. सोबत लघवीची रुटीन आणि कल्चर (जंतू शोधायची तपासणी), पण अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. दुकानातून आणलेल्या दोन-चार गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू बहुधा सापडत नाहीत. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दाखवलं तरी चालेल.

पाळी थांबली असेल तर तेही सांगा. इस्ट्रोजेन हे हार्मोन घटून योनीमार्गात कोरडेपणा येतो, इन्फेक्शन परत परत होतं. त्यावर लावायचं क्रीम मिळतं. बाया लाजेपायी बोलतच नाहीत. (माझी मावशी तर सीताबर्डीच्या बाजारात जायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाही, 'तिथं लघवीला जायचं कुठं' म्हणून!)

थंडी वाजून ताप, पाठीत एका बाजूला दुखणं, किंवा न दुखतासुद्धा लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.