स्मार्ट दिवे मनाला येईल तसे वागतात, सगळी यंत्रणाच बदलून टाकू का?

तुमच्या प्रश्नातल्या तक्रारी चार आहेत. पॅसेजमधला मोशन सेन्सरचा दिवा माणूस समोर असताना विझतो. बेडरूममधले झिगबी (घरगुती उपकरणांचं कमी विजेवर चालणारं वायरलेस नेटवर्क) बल्ब संध्याकाळी 'अनुपलब्ध' दिसतात. नव्या स्मार्ट स्विचवरचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो. आणि हॉलमधला एमक्यूटीटीवर (उपकरणांमध्ये छोटे निरोप पोचवणारी पद्धत) चालणारा दिवा मध्यरात्री आपोआप लागतो. होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) वापरता, दोनदा सगळं रीसेट करून झालं, आता दुसऱ्या कंपनीचं सगळं नवं घ्यावं का, असं विचारलंय.

नका घेऊ. या चार तक्रारींचं मूळ एक नाही. पहिली नियम कसा लिहिलाय त्याची आहे, दुसरी रेडिओची, तिसरी निव्वळ वायरिंगची आणि चौथी बहुधा ब्रोकरवर, म्हणजे एमक्यूटीटीचे निरोप वाटणाऱ्या सर्व्हरवर, पडून राहिलेल्या एका निरोपाची. उपकरणं बदलली तरी यातली एकही आपोआप सुटेल असं मला वाटत नाही.

रीसेटबद्दल आधीच सांगतो, कारण जो तो पहिल्यांदा तेच करतो. रीसेट केलं की पुरावा पुसला जातो. बल्ब किती वाजता नेटवर्कमधून गळाला, त्याआधी तो कोणत्या उपकरणामार्फत बोलत होता, सिग्नल कसा होता, यातलं काहीच हातात राहत नाही. वर थोडे दिवस सगळं सुरळीत चालतं, कारण नव्याने जोडताना नेटवर्कचे मार्ग नव्याने आखले जातात. त्यामुळे रोग बरा झाला असं वाटतं आणि मूळ कारण शोधायचं राहून जातं. म्हणून आता काहीही रीसेट न करता वेळा टिपून ठेवा. 'संध्याकाळी' एवढंच नको. घड्याळातली वेळ लिहा आणि त्या वेळी घरात काय चालू होतं तेही लिहा.

वायरिंगचं आधी उरकून घेऊ. स्मार्ट स्विचला स्वतःचा रेडिओ जिवंत ठेवायला सतत थोडी वीज लागते. बोर्डात न्यूट्रल असेल तर ती फेज आणि न्यूट्रलमधून मिळते. न्यूट्रल आणलेलाच नसेल तर 'न्यूट्रल नको' प्रकारचा स्विच ती वीज दिव्यातूनच घेतो, म्हणजे दिवा बंद असतानाही त्यातून बारीकसा करंट वाहत राहतो. जुन्या तारेच्या बल्बला त्याने काही फरक पडत नसे, पण एलईडीला तेवढाही पुरतो. आता नीट बघा, दिवा एकसारखा मंद दिसतोय की काही सेकंदांनी एकदा लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर त्या बारीक करंटवर ड्रायव्हरमधला (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) कपॅसिटर हळूहळू भरतोय. पुरेसा भरला की ड्रायव्हर क्षणभर जागा होतो, दिवा चमकतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. एकसारखा मंद उजेड असेल तर गळती सलग आहे. ती स्विचमधून येत असेल किंवा दिव्याकडे जाणारी तार फेजच्या तारेला चिकटून लांबवर गेल्यामुळेही होत असेल.

खात्री करून घ्यायला त्याच सर्किटवर तात्पुरता एक साधा तारेचा बल्ब लावा. मिणमिणणं थांबलं तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणजे बोर्डापर्यंत न्यूट्रल आणणं. ते शक्य नसेल तर स्विचच्या कंपनीने सुचवलेला बायपास (त्या बारीक करंटला दुसरी वाट देणारा छोटा भाग) दिव्याच्या टोकाला, दिव्याला समांतर बसवायचा. हे काम इलेक्ट्रिशियनकडून एमसीबी पाडूनच करून घ्या आणि त्याला एक गोष्ट आवर्जून तपासायला सांगा: स्विच फेजवर आहे ना? चुकून न्यूट्रलवर बसवला असेल तरीही एलईडी असाच मिणमिणतो, आणि तेव्हा दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. ते धोकादायक आहे.

आता बेडरूमचे बल्ब, आणि इथे जरा थांबून बघावं लागेल. झिगबीचे १६ चॅनेल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहेत, ११ ते २६. वाय-फायही त्याच पट्ट्यात चालतं, पण त्याचा एकेक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद, तर झिगबीचा जेमतेम २. वाय-फायच्या चॅनेल १, ६ आणि ११ यांच्यामध्ये ज्या अरुंद फटी उरतात तिथे झिगबीचे १५ आणि २० बसतात, आणि २५ हा ११ च्या पलीकडे पडतो. राऊटर 'ऑटो'वर असेल तर तो आज एका चॅनेलवर, उद्या दुसऱ्यावर जाणार, आणि तुमचं झिगबी मध्येच त्याच्या जबड्यात सापडणार. राऊटरचा २.४ चा चॅनेल एकदाच ठरवून टाका, रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि मग झिगबीचा चॅनेल त्यापासून दूर निवडा. हे करायचं ते याच क्रमाने. झिगबीचा चॅनेल बदलला की काही उपकरणं मागे राहून जातात आणि ती पुन्हा जोडावी लागतात, त्यामुळे ते पुन्हापुन्हा करायचं काम नाही.

दुसरी जागा म्हणजे तुमचा झिगबी डोंगल, म्हणजे संगणकाला लावलेला झिगबीचा रेडिओ. तो संगणकाच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये थेट खोचलेला आहे का? यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क असेल आणि तिच्यावर बॅकअप संध्याकाळीच चालत असेल, तर तुमच्या तक्रारीची वेळ तिथेच जुळेल. डोंगलला एक-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावा, डोंगल संगणकापासून आणि राऊटरपासून लांब, मोकळ्या जागी ठेवा आणि यूएसबी २.० चं पोर्ट वापरा. इतक्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला या क्षेत्रात माहीत नाही.

तिसरी शक्यता घरातल्या माणसांची. झिगबीमध्ये मेनवर चालणारे बहुतेक बल्ब आणि प्लग इतरांचे निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवरचे सेन्सर तसं करत नाहीत. कोणी संध्याकाळी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की तो बल्ब तर जातोच, पण त्याच्यामार्फत बोलणारी उपकरणंही मुकी होतात. होम असिस्टंटमध्ये नेटवर्कचा नकाशा दिसतो. बल्ब चालू असताना त्याचं चित्र काढून ठेवा आणि गळाल्यावर परत काढा. दोन्ही चित्रांत मधला कोण नाहीसा झालाय ते लगेच दिसेल. दोन-तीन झिगबी प्लग कधीही बंद न होणाऱ्या जागी लावून ठेवलेत तर नेटवर्कला कणा मिळतो. स्मार्ट बल्बच्या बटणाबद्दल माझं मत ठाम आहे: त्या बटणाने बल्बची वीज तोडलीच जाऊ नये. बटण काढू नका, घरातल्या प्रत्येकाला ते हवंच असतं. त्याऐवजी रिले (वीज जोडणारा-तोडणारा भाग) वेगळा ठेवून नुसता निरोप पाठवणाऱ्या पद्धतीचा स्विच लावा, किंवा वर बॅटरीवरचं बटण चिकटवा.

पॅसेजचा दिवा मात्र पूर्णपणे तुमच्या नियमात अडकलाय. तुम्ही लिहिलंय त्यावरून नियम असा दिसतो: हालचाल झाली, दिवा लाव, दोन मिनिटं थांब, दिवा बंद कर. होम असिस्टंटमध्ये ऑटोमेशनचा, म्हणजे अशा नियमाचा, मोड मुद्दाम बदलला नाही तर तो 'सिंगल' असतो. म्हणजे ती दोन मिनिटं चालू असताना पुन्हा हालचाल झाली तर ती सरळ दुर्लक्षिली जाते. माणूस तिथेच वावरतोय, सेन्सर ओरडून सांगतोय आणि नियम ऐकतच नाहीये. मोड 'रीस्टार्ट' केला तर प्रत्येक नव्या हालचालीला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तेवढ्याने काम भागेल, पण मी नियमच वेगळ्या तऱ्हेने लिहीन. दोन ट्रिगर, म्हणजे नियम सुरू करणाऱ्या घटना, ठेवा. 'हालचाल सुरू झाली' यावर दिवा लागेल. 'सलग दोन मिनिटं हालचाल नाही' यावर दिवा विझेल. मधला 'थांब' काढूनच टाका. 'थांब' चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट झाला तर पुढचा 'बंद कर' कधीच येत नाही आणि दिवा रात्रभर जळत राहतो. 'सलग दोन मिनिटं'ची मोजणीही रीस्टार्टमध्ये जाते, म्हणून होम असिस्टंट सुरू झाल्यावर 'हालचाल नाही आणि दिवा चालू आहे' असं एकदा तपासून बंद करणारा तिसरा ट्रिगर जोडा.

सेन्सरची बाजूही बघा. पीआयआर (उष्णता टिपणारा) सेन्सर माणूस बघत नाही. आपल्या दृष्टिक्षेत्राच्या दोन भागांत अंगाच्या उष्णतेचा फरक पडला तरच त्याला कळतं. म्हणून आडवं चालत गेलेलं त्याला चटकन दिसतं, सरळ त्याच्याकडे चालत आलेलं उशिरा दिसतं आणि स्थिर उभं राहिलेलं दिसतच नाही. पॅसेजच्या टोकाला, चालण्याच्या दिशेच्या समोर लावला असेल तर बाजूच्या भिंतीवर हलवा. बॅटरीवरचे बरेच सेन्सर एकदा हालचाल कळवल्यावर बॅटरी वाचवायला काही वेळ गप्प बसतात, तोही वेळ तुमच्या दोन मिनिटांत धरायला हवा. माणूस स्थिर बसतो अशा खोलीत मिलिमीटर तरंगांचा रडार सेन्सर चांगला, पण तो हलणारा पडदा आणि फिरता पंखाही माणूस समजू शकतो. त्याची संवेदनशीलता आणि अंतराची मर्यादा खोलीत उभं राहूनच जुळवावी लागते.

नियमात 'अंधार असेल तरच' अशी अट असेल तर तिथेही एक सापळा आहे. दिव्याचा स्वतःचा उजेड त्याच सेन्सरवर पडला की आकडा वाढतो, 'आता अंधार नाही' असं ठरतं आणि दिवा लागत-विझत राहू शकतो. अंधाराची अट फक्त दिवा लावताना तपासायची, विझवताना नाही. हे सगळं प्रत्यक्ष घडताना बघायचं असेल तर त्या ऑटोमेशनचा 'ट्रेस' उघडा. कोणत्या ट्रिगरने सुरुवात झाली, कोणत्या अटीवर अडलं, प्रत्येक पायरी वेळेसकट तिथे दिसते. अंदाजाने नियम बदलत बसण्यापेक्षा त्या पानावर दहा मिनिटं घालवा.

राहिला मध्यरात्रीचा दिवा. यात मला एमक्यूटीटीच्या 'रिटेन'चा दाट संशय आहे. एखादा निरोप रिटेन करून पाठवला की ब्रोकर तो जपून ठेवतो आणि त्या टॉपिकशी (निरोपाच्या विषयाशी) जो कोणी नव्याने जोडला जाईल त्याला लगेच देतो. दिव्याची स्थिती कळवणाऱ्या टॉपिकला हे योग्यच आहे. पण 'चालू हो' ही आज्ञा कधी चुकून रिटेन होऊन गेली असेल, तर दिव्याचं वाय-फाय तुटून परत जोडलं गेलं की दर वेळी ती जुनी आज्ञा त्याला नव्याने मिळते आणि तो इमानाने लागतो. तुमचा राऊटर रात्री ठरलेल्या वेळी स्वतःहून रीस्टार्ट होत असेल तर वेळही जुळेल.

तपासायला सोपं आहे. त्या रात्रीच्या नोंदीत दिवा आधी ऑफलाइन, मग ऑनलाइन आणि लगेच चालू, असा क्रम दिसतो का बघा. मग त्या उपकरणाचा अपटाइम, म्हणजे ते सलग किती वेळ चालू आहे, ते बघा. तो शून्यापासून सुरू झाला असेल तर उपकरणच रीस्टार्ट झालं, बहुधा वीज क्षणभर गेली होती, आणि मग दोष 'वीज आल्यावर काय करायचं' या सेटिंगचाही असू शकतो. ते 'बंद' किंवा 'आधी होतं तसं' असं ठेवा. अपटाइम अखंड असेल तर फक्त नेटवर्क तुटलं होतं आणि रिटेनवरचा संशय पक्का होतो. त्या आज्ञेच्या टॉपिकवर रिटेन लावून रिकामा निरोप पाठवा, ब्रोकरमधली जुनी आज्ञा पुसली जाते. मग ती आज्ञा रिटेनसह कोण पाठवत होतं ते शोधा, नाहीतर ती परत येईल.

आता नव्या खरेदीबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर या सामायिक मानकाची पहिली आवृत्ती आली, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालवायला त्याची मदत होते, हे खरं. पण थ्रेडवर (झिगबीसारखंच एक वायरलेस नेटवर्क) चालणारी मॅटर उपकरणं त्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये बोलतात, मॅटर तुमच्या बोर्डात न्यूट्रल आणून देत नाही आणि 'सिंगल' मोडचा नियम तिथेही तसाच चुकेल. पुढे कधी एखादं उपकरण घ्यायचंच झालं तर तीन गोष्टी विचारा: इंटरनेट बंद असताना ते घरातल्या घरात चालतं का, वीज गेल्यावर परत कसं उठायचं हे ठरवता येतं का, आणि सर्व्हर बंद असला तरी भिंतीवरच्या बटणाने दिवा लागतो का.

आधी डोंगलची वायर आणि पॅसेजचा मोड एवढं करून बघा, दोन्हीला फार वेळ लागत नाही. बल्ब तरीही गळत राहिले तर दोन्ही वेळचे नकाशे आणि राऊटरचा चॅनेल इथेच खाली टाका, मी बघून सांगेन.