अंगठ्या, सनावळ्या आणि सासूबाई

गेल्या अंकात ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेवर लिहिलं आणि शेवटी म्हटलं की काय खटकलं ते कळवा, तर मंडळींनी एवढं कळवलंय की या वेळी सदराची सगळी जागा त्यालाच द्यावी लागतेय. ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्रोडो आणि जादूगार गँडाल्फची जी गोष्ट ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमांत पाहिली तिच्या काही हजार वर्षं आधीचा काळ यात आहे, मूळ पुस्तकांचा लेखक टॉल्किन याच्या हिशेबाने दुसरं युग (सिनेमातलं ते तिसरं), जादूच्या अंगठ्या घडल्या तो काळ. पहिला सीझन सप्टेंबर २०२२ मध्ये आला, दुसरा ऑगस्ट २०२४ मध्ये, दोन्हीत आठ-आठ एपिसोड. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, नंतर ओरडू नका.

प्रश्न (देवगड): अंगठ्या घडवणारा, अमर एल्फ जमातीतला लोहार केलेब्रिम्बोर आणि न्यूमेनोर बेटावरचा माणूस इसिल्दूर एकाच वेळी जिवंत कसे? पुस्तकात दोघांच्यात दीड हजार वर्षांचं अंतर आहे.

हिशेब बरोबर आहे तुमचा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी जी परिशिष्टं आहेत त्यातल्या ‘बी’ परिशिष्टात सनावळी दिलीय. अंगठ्यांचं काम साधारण १५०० साली सुरू, एल्फांच्या तीन अंगठ्या १५९० च्या आसपास, खलनायक सॉरॉनची, बाकीच्यांना ताब्यात ठेवणारी एक १६०० च्या आसपास, केलेब्रिम्बोरचा शेवट १६९७ ला. आणि आर-फाराझोन न्यूमेनोरची गादी बळकावतो ३२५५ ला, बेट बुडतं ३३१९ ला. मालिकेने मधली वर्षं सरळ घडी घालून खिशात टाकली, आणि तसं त्यांनी उघड सांगितलंयही, कारण एल्फ म्हातारे होत नाहीत पण माणसं मरतात, खऱ्या सनावळीने गेलं तर दर दोन-तीन एपिसोडला न्यूमेनोरची सगळी मंडळी नवी आणावी लागणार आणि आपण म्हणणार, हा आता कोण?

तेव्हा हे मी माफ केलंय. पण फुकट नाही झालेलं ते. न्यूमेनोरची माणसं एल्फांचा द्वेष करायला लागतात हे पुस्तकात पिढ्यान्पिढ्या मुरत जातं, मुळात मरणाची भीती, मग त्यातून एल्फ अमर आहेत म्हणून असूया, मग त्यांची भाषा बंद, येणंजाणं बंद. मालिकेत काय होतं, तर भर चौकात एक कारागीर उठतो आणि म्हणतो एल्फ येऊन तुमची कामं घेतील. एवढंच. एका भाषणात हजार वर्षांचं वैर बसवलंय, ते मला पटलं नाही.

प्रश्न (मालवणच्या एक आजी): नातवाबरोबर बघूक बसलंय. तो एलरॉन्ड चक्क सासवेचो मुको घेता! ह्यां खंय लिवलेलां हा?

आजी, खंयच लिवलेलां नाय! दुसऱ्या सीझनच्या सातव्या एपिसोडमधला प्रसंग आहे तो. एल्फांची सेनानी गॅलाड्रिएल शत्रूच्या ताब्यात असते, एलरॉन्ड, तोही एल्फच, बोलणी करायला जातो आणि निघताना मुका घेता घेता तिच्या हातात आपल्या अंगरख्याची पिन सरकवतो, म्हणजे तिला बेड्या उघडता याव्यात. युक्ती म्हणून ठीक, पण पुस्तकाप्रमाणे तिसऱ्या युगाच्या १०९ साली हाच एलरॉन्ड हिच्याच मुलीशी, केलेब्रियानशी, लग्न करतो. अजून मुलीचा पत्ता नाही आणि नवरा केलेबोर्न तर हरवलेलाच आहे, पहिल्या सीझनमध्ये ती सांगते की तो लढाईला गेला आणि आलाच नाही, चिलखत अंगाला नीट बसत नव्हतं म्हणून ती त्याला चंदेरी शिंपला म्हणायची. त्यामुळे कागदोपत्री विसंगती नाही म्हणे. पण पुढे लग्नाच्या पंगतीत जावई आणि सासूबाई समोरासमोर बसल्या की दोघांना काय आठवेल, हा विचार लिहिणाऱ्यांनी करायला हवा होता की नाही?

प्रश्न (रत्नागिरी, कॉलेजचा एक ग्रुप): आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात. एल्फांच्या तीन अंगठ्या आधी बनवल्या की नंतर, याने खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पोरांनो, आणि तारखांपेक्षा जास्त पडतो.

पुस्तकातला क्रम असा. सॉरॉन गोड रूप घेऊन एरेगिओन या एल्फांच्या राज्यातल्या लोहारांकडे येतो, त्यांना विद्या शिकवतो, त्याच्या मदतीने बाकीच्या अंगठ्या होतात, तो निघून जातो आणि मग केलेब्रिम्बोर एकटा बसून शेवटी तीन घडवतो. सॉरॉनचा हात त्यांना कधी लागलेला नाही, म्हणून त्या निर्मळ. पण विद्या त्याच्याचकडून आलेली म्हणून त्या एका मोठ्या अंगठीच्या ताब्यातून सुटतही नाहीत. म्हणजे एल्फांचं सगळ्यात सुंदर काम आणि त्यांचा सगळ्यात मोठा फास एकच. आता मालिकेत बघा, तीन आधीच होतात, पहिल्या सीझनच्या शेवटाला, सॉरॉन धातू कसे मिसळायचे ते सुचवून निघून जातो आणि त्याच्या पाठीमागे त्या घडतात. ‘हात लागला नाही’ हे सांभाळलं, मान्य. पण पहिल्याच फटक्यात सर्वोत्तम काम आणि नंतर सराव, हे कुठल्या कारागिराचं होतं? आणि खरी मेख पुढे आहे. पुस्तकात एल्फांना हाव असते, मध्य-पृथ्वी सोडायची नाही आणि सगळं जसंच्या तसं टिकवायचं, त्या हावेपायी ते फसतात. मालिकेत त्यांचा प्रकाशच विझत चाललाय आणि मिथ्रिल नावाचा दुर्मीळ धातू मिळाला नाही तर ते संपणार, म्हणजे अंगठ्या झाल्या औषध. औषध घेणाऱ्याला फसला म्हणून दोष कसा द्यायचा?

आपल्याकडे दशावतारात संवाद लिहिलेले नसतात हे तुम्हाला माहीत असेलच, आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि मग बाकड्यावर बसलेला राजा तासभर काय वाट्टेल ते बोलतो, मध्येच ग्रामपंचायतीला चिमटा काढतो, पेटीवाला हसतो, कोणाचं काही म्हणणं नसतं. पण शाप मिळायच्या आधीच उःशाप देऊन मोकळा झाला तर पुढच्या रांगेतला म्हातारा जागेवरून ओरडतो. तारखा बदलणं, माणसं एकत्र आणणं हे राजाचं बोलणं झालं. अंगठ्यांचा क्रम आणि कारण उलटं करणं म्हणजे उःशाप आधी.

मात्र दुसऱ्या पार्टीसाठी एक गोष्ट. ड्वार्फांच्या, म्हणजे खाणीत राहणाऱ्या बुटक्या जमातीच्या, सात अंगठ्या पुस्तकात मुळात ड्वार्फांसाठी नसतातच, सॉरॉन एल्फांकडून हिसकावतो आणि मग वाटतो. मालिकेत त्या थेट ड्वार्फांना मिळतात म्हणून पुष्कळ लोक चिडले. पण ‘ए’ परिशिष्टात स्पष्ट आहे की ड्युरिन राजाच्या वंशातले ड्वार्फ म्हणायचे, आमची अंगठी तिसऱ्या ड्युरिनला एल्फ लोहारांनी स्वतः दिली, सॉरॉनने नाही. आणि मालिकेतला राजा कोण, तर तिसरा ड्युरिनच. तेव्हा तिथे तरी त्यांनी पुस्तक नीट वाचलंय.

प्रश्न (अलिबाग): ही मालिका जुन्या तीन सिनेमांच्याच आधीची गोष्ट धरायची का?

नाही. सिनेमे (२००१ ते २००३) वेगळ्या कंपनीचे, मालिका वेगळ्या कंपनीची. दिसायला सारखी वाटते कारण चित्रकार जॉन हाऊ दोन्हीकडे होता आणि टायटलचं संगीतही सिनेमावाल्या हॉवर्ड शोअरचंच आहे. सिनेमातला प्रसंग मालिकेशी जुळत नाही म्हणून भांडू नका, पुस्तकाशी जुळत नाही म्हणून भांडा, मजा येते.

प्रश्न (गुहागर): टॉल्किनने एकदा लिहिलं ते लिहिलं. ते बदलायचा अधिकार यांना कोणी दिला?

कायद्याने म्हणाल तर मालिकेकडे ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ परिशिष्टांसकट एवढ्याचेच हक्क आहेत. दुसऱ्या युगाची सविस्तर हकिकत ज्यात आहे ते ‘द सिल्मॅरिलियन’ त्यांच्या हक्कांत नाही, म्हणून मग परिशिष्टातल्या एकेका ओळीवर अख्खा एपिसोड उभा करायचा आणि मधल्या भिंती स्वतः बांधायच्या.

पण ‘एकदा लिहिलं ते लिहिलं’ असं खुद्द टॉल्किनचं अजिबात नव्हतं. ‘द हॉबिट’ १९३७ ला आलं तेव्हा त्यात गॉलम या गुहेतल्या प्राण्याने नायक बिल्बोबरोबरच्या कोड्यांच्या पैजेवर स्वतःच आपली जादूची अंगठी लावली होती, हरला तर बिल्बोला बक्षीस म्हणून देणार होता, आणि अंगठी सापडली नाही तेव्हा बिचारा माफी मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. बसला चांगल्या माणसासारखा! नंतर पुढचं मोठं पुस्तक, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, लिहिताना लक्षात आलं की या अंगठीपायी गॉलमचा जीव जळतोय, तो ती पैजेवर कशी लावेल? मग १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं, पैज फक्त वाट दाखवण्याची, आणि शेवटी गॉलमचा तो चोर-चोर म्हणून आक्रोश. इथवर कोणीही करेल. पण पुढची चाल बघा, जुनी आवृत्ती लोकांच्या घरात होतीच, तिचं काय करायचं, तर मोठ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगून टाकलं की बिल्बोने आधी मित्रांना खोटी गोष्ट सांगितली होती! आणि बिल्बोसारखा सरळ माणूस खोटं का बोलला, तर अंगठीचा परिणाम. चूक झाकली आणि त्याच चुकीतून अंगठी किती वाईट आहे हे दाखवलं. हे वाचल्यावर मला मालिकावाल्यांचा राग बदलण्याचा येत नाही, एवढं डोकं न लावता बदलण्याचा येतो.

प्रश्न (चिपळूण): आमचा परशुराम रामायणातही आहे आणि महाभारतातही. त्याला कोणी कंटिन्युइटी एरर म्हणत नाही. मग गँडाल्फ एक युग आधी आला तर काय बिघडलं?

प्रश्न फर्मास आहे, पण परशुराम चिरंजीव आहे हे आपली कथा स्वतःच सांगते, रामाला भेटतो, भीष्माला आणि कर्णाला शिकवतो, प्रत्येक ठिकाणी त्याला काम आहे. गँडाल्फही अमरच, त्यामुळे वयाचा मुद्दा नाहीच, मुद्दा कशासाठी पाठवला हा आहे. तिसऱ्या युगात हजारेक वर्षं झाल्यावर, सॉरॉनची सावली पुन्हा पसरायला लागल्यावर पाच जादूगार (गँडाल्फ त्यातलाच) जहाजाने येतात, आणि बंदरावरचा किर्दान आपली लाल अंगठी गँडाल्फला देतो. मालिकेत गडी उल्केसारखा आभाळातून पडतो आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटापर्यंत त्याला स्वतःचं नावही कळत नाही. टॉल्किनच्या अखेरच्या काळातल्या एका टिपणात, जे १९९६ ला छापलं गेलं, दोन निळे जादूगार दुसऱ्याच युगात पूर्वेकडे आले असं आहे. म्हणजे या आभाळातून पडलेल्या बाबाला निळा ठरवला असता तर एवढं भांडण झालंच नसतं. पण निळ्याच्या नावावर लोक मालिका बघत नाहीत, गँडाल्फच्या नावावर बघतात.

प्रश्न (वेंगुर्ला): ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’वाले पण बदलतात, त्यांना तुम्ही काही बोलत नाही!

बोलतो की. त्यांची सोय अशी की जॉर्ज मार्टिनचं मूळ पुस्तक ‘फायर अँड ब्लड’ (२०१८) हे एका मेस्टरने (म्हणजे तिथल्या विद्वानाने) लिहिलेला इतिहास म्हणून लिहिलंय, त्यात मश्रूम नावाचा विदूषक एक सांगतो, सेप्टन, म्हणजे पुजारी, यूस्टेस दुसरंच सांगतो, त्यामुळे ‘खरं हे झालं’ म्हणायला त्यांना मोकळीक आहे. पण राणी हेलेनाचा धाकटा मुलगा मेलोर त्यांनी गाळूनच टाकला. पुस्तकात मारेकरी तिला विचारतात दोन मुलांपैकी कोणाला मारू, ती धाकट्याचं नाव घेते आणि ते थोरल्याला मारतात, म्हणजे जिवंत राहिलेल्या पोराच्या तोंडाकडे तिला रोज बघायचंय. मालिकेत जुळी भावंडंच, निवडच उरली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द जॉर्ज मार्टिननेच ब्लॉगवर तक्रार केली की हे पोर काढलं की पुढचं काय काय कोसळतं, आणि थोड्याच वेळात ती पोस्ट गायबही झाली. लेखकालाच पुढच्या रांगेतून ओरडावं लागलं म्हणजे बघा.

प्रश्न (दापोली): खाणीतला बॅलरॉग, तो आगीचा राक्षस, इतक्यात जागा झाला, मग सिनेमातला तो कोण?

तोच. पुस्तकात ड्वार्फ मिथ्रिलसाठी फार खोल खणतात आणि तिसऱ्या युगाच्या १९८० साली तो जागा होतो, सहावा ड्युरिन मरतो, पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा, आणि ड्वार्फ मोरिया, म्हणजे तीच खाण, सोडून पळतात. मालिकेत दुसऱ्या युगातच तिसरा ड्युरिन अंगठी काढून ठेवतो, कुऱ्हाड घेऊन त्याच्यावर धावतो आणि वरून डोंगर कोसळतो. सीन जबरदस्त झालाय, त्यात वाद नाही. पण आता खाली काय आहे ते सगळ्या ड्वार्फांना कळलंय, आणि तरी त्यांचेच वंशज दोनेक हजार वर्षांनी त्याच ठिकाणी कुदळ मारणार. पुढच्या सीझनमध्ये कोणी तरी तिथे ‘इथून खाली खणू नये’ अशी पाटी लावताना दाखवा म्हणजे झालं, पण मग ती पाटी नंतर कोणी आणि का काढली तेही दाखवावं लागेल.