एनर्जी ड्रिंक, व्हेप आणि सोळाव्या वर्षीचा मेंदू

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा, वजन ५० किलो. रात्री जागून अभ्यास करताना दोन एनर्जी ड्रिंक पितो. परवा दप्तरात व्हेपही (ई-सिगारेट) सापडलं. ‘धूर नाही, तंबाखू नाही, मग काय बिघडतं?’ असं त्याचं म्हणणं. खरंच काही बिघडतं का? आणि बिघडलेलं भरून येतं का?
— एक पालक

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नका. ड्रिंकचा मामला हिशेबाचा आहे, व्हेपचा त्याहून गंभीर.

२५० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं. (मोठ्या डब्यात दुप्पट, लेबल वाचाच.) या वयात दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण मानतं, म्हणजे तुमच्या मुलाला १५०. दोन डब्यांतच ती मर्यादा ओलांडली जाते. कॅफिनने थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला सुमारे पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या ८० पैकी ४० पहाटे तीनला शिल्लकच. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि नेमकी तीच मोडते. मात्र एकदम बंद केलं तर डोकं ठणकतं. आठवडाभरात कमी करत आणा, दुपारनंतर एकही नको.

आता व्हेप. धूर नसतो हे खरं, पण बहुतेकांत निकोटिन असतं आणि ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं. लक्ष एकाग्र करणारी जोडणी या वयात घडत असते; निकोटिन तिथल्याच ग्राहींना (पेशींवरच्या, संदेश टिपणाऱ्या जागांना) चिकटतं, आणि मेंदू त्या ग्राहींची संख्या वाढवतो. मग ते रिकामे राहिले की चिडचिड, अस्वस्थता. ‘व्हेप ओढलं की लक्ष लागतं’ असं मुलं सांगतात. बरेचदा आधीच्या झुरक्यानंतर पडलेली तूटच ती भरत असतात. त्यात मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पिकतो, त्यामुळे सवय लवकर जडते.

भरून येण्याचं म्हणाल, तर व्हेप सोडल्यावर वाढलेले ग्राही काही आठवड्यांत कमी होतात. लक्षावरचा परिणाम प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठेपणीही टिकलेला दिसला आहे, तेव्हा जितक्या लवकर सुटेल तितकं बरं. पहिले तीन दिवस सगळ्यांत कठीण, पुढे तीन-चार आठवडे ओढ राहते. परीक्षेच्या तोंडावर सोडायला सुरुवात करू नका. उठल्यापासून अर्ध्या तासात व्हेप लागत असेल, तर डॉक्टरांची मदत घ्या.

आणि व्हेपच्या आत नेमकं काय आहे, हे न ओरडता विचारा. काहींत गांजाचा अर्क असतो, आणि त्याने स्किझोफ्रेनियाचा (भास-संशयाच्या गंभीर मानसिक आजाराचा) धोका वाढतो. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया झालेला असेल आणि मुलगा संशयी, एकलकोंडा होत चालला असेल, तर त्याला लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.