शिवनेरीच्या कड्यावर दिसलेले लाल चांदणीसारख्या फुलाचे झुडूप कोणते, आणि त्याची फांदी आणून घरी लावावी का?

आपण दिलेल्या वर्णनावरून, म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या मांसल फांद्या, जाडसर लंबगोल पाने आणि पाच पाकळ्यांचे गर्द लाल फूल यांवरून, ती शिंदळ माकुडी आहे असे मी खात्रीने म्हणू शकतो. तिला झुडूप म्हणण्याचा प्रघात असला तरी ती खोडात पाणी साठवणारी, रुईच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. जगात ती नैसर्गिकरीत्या फक्त महाराष्ट्रात आढळते. शिवनेरीखेरीज पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड आणि महाबळेश्वरचा परिसर येथे तिची नोंद आहे. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नर भागातील नमुन्यावरून तिचे वर्णन केले आणि 1862 ते 1867 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. अलीकडे तिला ‘बाउसेरोसिया’ या प्रजातीत घालतात, पण अभ्यासकांच्या तोंडी अजूनही फ्रेरियाच आहे.

माळावर सर्रास आढळणारी माकडशिंगी हिचीच नातलग; परंतु माकडशिंगीच्या चौधारी खोडावर पाने जवळजवळ नसतातच. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने येतात आणि पाऊस सरला की ती गळून जातात. मार्च-एप्रिलमध्ये त्याच कड्यावर गेलात तर कातळाला चिकटलेल्या राखाडी-हिरव्या, सुरकुतलेल्या काड्या तेवढ्या दिसतील आणि त्या मेलेल्या आहेत असेच वाटेल. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मलाही तसेच वाटले होते. ऑगस्टअखेरीस पुन्हा गेलो तेव्हा त्याच काड्यांवर, पानाच्या बगलेत, सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीचे फूल उमलले होते. लाल पाकळीवर पिवळा ठिपका आणि कडेला बारीक लव असते, ती डोळा अगदी जवळ नेल्याशिवाय दिसत नाही.

आता लागवडीविषयी. फांदीपासून ती सहज येते. कापलेली फांदी काही दिवस सावलीत ठेवून जखम वाळू द्यावी आणि मग जाड वाळू व मुरूम मिसळलेल्या, पाणी न साचणाऱ्या मातीत टोचावी; पावसाळ्यात बेताने पाणी द्यावे आणि पाने गळाली की जवळजवळ बंद करावे. माझ्याकडे टांगलेल्या कुंडीत ती चांगली वाढली आहे, पण ती फांदी एका मित्राच्या कुंडीतील रोपाची होती, आणि आपणही तसेच करावे, कड्यावरच्या रोपाला हात लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

इतक्या सहज वाढणाऱ्या रोपाची एक फांदी तोडली तर काय बिघडते, असे अनेकजण विचारतात. एका रोपाच्या फांद्यांपासून शंभर कुंड्या भरल्या तरी ती सारी वंशाने एकच असतात. नवे वाण बियांतूनच येते आणि बी धरणे हेच तिला अवघड आहे. तिचे परागकण सुटे नसून पुंजक्यांत बांधलेले असतात आणि माशीच्या अंगाला अडकलेला पुंजका दुसऱ्या फुलाच्या नेमक्या खाचेत बसला तरच शेंगांची जोडी धरते. शेंग तडकली की रुईच्या म्हातारीसारखे रेशमी झुबके असलेले बी वाऱ्यावर निघते, आणि त्यातले एखादेच कपारीतल्या चिमूटभर मातीत पडून रुजते. कड सुटणे, दरड कोसळणे, वणवा आणि पोहोचता येईल तिथवर चरणाऱ्या शेळ्या यांतून जी रोपे उरतात ती बहुधा हात न पोहोचणाऱ्या जागीच असतात, त्यामुळे वाटेवरून हाती लागणारे रोप त्या कड्याला फार मोलाचे आहे. म्हणूनच मी येथे गडांची नावे दिली, नेमकी जागा दिली नाही. आपणही छायाचित्र टाकताना जागेचा उल्लेख टाळावा.