फलकावरच्या ०.९४ मध्ये मृतसाठा धरलेला नाही

वाडीच्या वर पिण्याच्या पाण्याचा साठवण तलाव. मातीच्या बांधाच्या पायथ्याशी दोन पावसाळ्यांपासून ओल. ग्रामपंचायत म्हणते तलाव जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद म्हणते तो ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झालाय. आणि उपअभियंत्यांनी सांगितलं, "धरण लहान आहे, धरण सुरक्षा कायदा लागत नाही." तुमच्या पत्राचा हा सारांश. अशी पत्रं दर उन्हाळ्याच्या शेवटी येतात, फक्त गाव बदलतं. गळती घातक आहे का, हे ठरवणं अभियंत्याचं काम आहे, माझं नाही. बांधाखाली राहणाऱ्याला सुरक्षिततेचा हक्क आहे का, हा तर प्रश्नच नाही. तुमचं प्रकरण एकाच ठिकाणी अडलंय: हा तलाव कायद्याच्या भाषेत 'विनिर्दिष्ट धरण', म्हणजे धरण सुरक्षा कायदा ज्याला पूर्ण लागतो असं धरण, आहे की नाही?

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. पंधरा मीटरपेक्षा उंच धरण त्यात आपोआप येतं. उपअभियंत्यांनी तुम्हाला एवढंच सांगितलं आणि तुम्ही ते ऐकून परत आलात. पुढचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. उंची दहा ते पंधरा मीटर असेल, तरी काही अटींपैकी एक जरी पूर्ण झाली तर कायदा लागतो. बांधाची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, जलाशयाची क्षमता दहा लाख घनमीटर, म्हणजे १ दलघमी, किंवा जास्त, महत्तम पूरविसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर किंवा जास्त, पाया विशेष अडचणीचा, किंवा संकल्पन (डिझाइन) नेहमीपेक्षा वेगळं. तुमच्या तलावाच्या बाबतीत पुराचा आकडा विसरा, तो मोठ्या नद्यांसाठी आहे. क्षमतेची अट पाहा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या फलकावर लिहिलंय: उंची १३.४० मीटर, उपयुक्त साठा ०.९४ दलघमी. तुम्ही तो आकडा एकपेक्षा कमी म्हणून सोडून दिलात. पण कायद्यात शब्द आहे जलाशयाची क्षमता. उपयुक्त साठा म्हणजे विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, तळपातळीच्या वरचं पाणी. त्याखालचा मृतसाठा त्यात धरलेला नसतो. तो मिळवला की एकूण साठा निघतो, आणि माझ्या मते कायद्याला तोच अपेक्षित आहे. मृतसाठा ०.०६ दलघमी निघाला तरी तुमचा तलाव कायद्याच्या कक्षेत आला. हा आकडा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आणि साठा-क्षमता तक्त्यात असतो. तो कागद हातात येईपर्यंत कोणत्याही वकिलाला पैसे देऊ नका, मलाही नाही.

खातं यावर म्हणेल की गाळ साचून क्षमता घटली. माझं वाचन असं की मोजायची ती बांधताना मंजूर झालेली क्षमता, नाहीतर जितकी दुरवस्था जास्त तितकी जबाबदारी कमी, असा अर्थ निघेल. न्यायालय हेच मानेल याची हमी मात्र मी देत नाही. उंचीचंही असंच. कायदा उंची मोजतो ती सर्वसाधारण पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत, आणि फलकावर अनेकदा नदीपात्रापासूनची लिहिलेली असते. बांधाखालचा, काळी माती भरलेला खंदक धरायचा का, यावर अभियंत्यांमध्ये वाद होईल. आपल्याला त्या वादात पडायची गरज नाही. दहा मीटरच्या वर आहे, एवढं पुरे.

तलाव कक्षेत आला की मालकीची टोलवाटोलवी थांबते. या कायद्यात मालक म्हणजे धरण ज्याच्या मालकीचं आहे तो, ज्याच्या ताब्यात आहे तो, जो चालवतो तो आणि जो देखभाल करतो तोही. स्थानिक स्वराज्य संस्थाही त्यात आहेत. म्हणून हस्तांतरणाचा कागद एकाला जबाबदार करतो, पण दुसऱ्याला मोकळं करत नाही. तुमच्या अर्जात दोघांनाही घ्या, आणि मृद व जलसंधारण खात्यालाही. मालकाला पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावीच लागते, पूर किंवा भूकंप झाला तर वेगळी. जुन्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा करायला कायद्याने पाच वर्षं दिली, ती मुदत डिसेंबर २०२६ अखेर संपते. तुमच्या वाडीतली कोणती घरं पाण्याखाली जातील, कुणाला कुणी कळवायचं, हे त्या आराखड्यात येतं.

आता तुमच्याबद्दल. दोन पावसाळे तुम्ही ग्रामसेवकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, सरपंचांना रस्त्यात सांगितलं, अभियंत्यांना फोन केला. एकही अर्ज नाही, एकही आवक क्रमांक नाही. उद्या चौकशी झाली तर खातं म्हणेल, आमच्याकडे तक्रार नव्हती, आणि कागदोपत्री ते खरं असेल. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. तिथल्या लोकांनी गळतीची तक्रार आधी केली होती, म्हणूनच कुणाला काय माहीत होतं हा प्रश्न विचारता आला. तुमच्याकडे तो प्रश्न विचारायची सोयही नाही. हे मी रागाने लिहितोय, कारण एका पानाच्या अर्जाला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिलीत: सांडव्याच्या पुच्छ कालव्यात, म्हणजे सांडव्यावरून आलेलं पाणी पुढे नेणाऱ्या चरात, तुमच्या भावाने भाताची खाचरं केली आहेत. ती याच आठवड्यात काढा. सांडव्याचं पाणी अडलं तर ते बांधावरून जातं, आणि मातीचा बांध पाणी वरून गेलं की टिकत नाही. शिवाय खात्याच्या प्रतिज्ञापत्रातला पहिला परिच्छेद तुमच्या या खाचरांवर असेल.

अर्ज कार्यकारी अभियंत्यांना करा. प्रती नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेला, जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला द्या. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यांना त्याच नात्याने लिहा. ओल कुठे, किती, केव्हापासून, पाणी स्वच्छ की गढूळ, हे तारखांसह लिहा. त्याच दिवशी माहिती अधिकारात एकूण साठा, पायापासूनची उंची, हस्तांतरणाचा कागद आणि मागच्या तपासण्यांचे अहवाल मागा. जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद आहे, तिचा स्पष्ट उल्लेख करा. अधिकारी बहुधा ते मानणार नाहीत आणि तीस दिवस घेतील, म्हणून अभिलेख पाहण्याचीही मागणी करा.

अर्जात "तलाव रिकामा करा" असं लिहू नका. त्याच पाण्यावर वरची गावं जगतात, ती तुमच्याविरुद्ध उभी राहतील आणि त्यांचंही चुकणार नाही. मागणी अशी करा: तज्ज्ञ तपासणी होऊन दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत अभियंत्याने सुरक्षित पातळी लेखी ठरवावी, विमोचकातून पाणी तिथे ठेवावं, आणि पिण्याचं पाणी कमी पडलं तर पर्यायी पुरवठा करावा.

एकूण साठा एकच्या खाली निघाला तर? तरी दार बंद होत नाही. विनिर्दिष्ट नसलेल्या धरणांच्या मालकांवरही सुरक्षेची जबाबदारी कायदा टाकतो, फक्त यंत्रणा इतकी पक्की नाही. तेव्हा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करता येईल, जुनं कलम १३३. निधी नाही ही सबब चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सांगितलंय. ते प्रकरण गटारांचं होतं, बांधाला किती लागू पडेल ते तुमच्या दंडाधिकाऱ्यांवर अवलंबून आहे.

धरण सुरक्षा कायद्यात निर्देश धुडकावल्यास एक वर्षापर्यंत, जीवितहानी झाली किंवा तसा धोका उभा राहिला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण तुमच्या खासगी फिर्यादीवर न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही, फिर्याद सरकारने किंवा या कायद्याखालच्या यंत्रणेनेच करायची. म्हणून पोलीस ठाण्यात हेलपाटे घालू नका. दिवाणी दावाही आत्ता नको. सरकारला दोन महिन्यांची नोटीस, मग तारखा, आणि पावसाळा त्यासाठी थांबत नाही. तातडीची परवानगी मागून नोटिशीशिवाय दावा लावता येतो, पण तालुक्याच्या न्यायालयात मनाईच्या अर्जावरचा आदेश यायला जो वेळ जातो तो पाहता मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून उच्च न्यायालयात रिट याचिका करावी. तिथे आवक शिक्क्याच्या प्रती लागतील.

हे सगळं पायथ्याशी झिरपणारं पाणी स्वच्छ आहे तोवर. ते गढूळ झालं, माती घेऊन येऊ लागलं, किंवा ओलीची जागा पसरू लागली, तर अर्जाची वाट पाहू नका. १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला आणि तहसीलदारांना कळवा, म्हातारी माणसं आणि मुलं त्याच दिवशी वरच्या अंगाला हलवा, आणि फोन केल्याची वेळ वहीत लिहून ठेवा.