खाडीत हौसेने मासे गरवायला सोळा फुटी बोटीला किती हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यावं? रॉड आणि रील कोणतं?

पंधरा. टू स्ट्रोक, शॉर्ट शाफ्ट (शाफ्ट म्हणजे इंजिनाचा पाण्यात उतरणारा दांडा). रॉड सात फुटी, रील चार हजार नंबरचं (हा आकार, किंमत नव्हे). उत्तर एवढंच. पुढे लिहितोय ते माझ्या पोटातलं आहे, सवड असेल तर वाचा.

तुम्ही लिहिलंय की देवगडकडे खाडीकाठी घर बांधलंय, सोळा फुटी फायबरची सपाट बुडाची बोट ठरवली आहे, दोघं-तिघं जाणार, बहुतेक खाडीत आणि कधीमधी खाडीच्या तोंडाबाहेर समुद्रात. आणि विक्रेता चाळीसचं इंजिन गळ्यात मारतोय, कारण ‘पॉवर जास्त असलेली कधीही बरी’. हे वाक्य वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. हेच वाक्य, अगदी ह्याच शब्दांत, मी २०१९ च्या शिमग्यापासून ऐकतोय. माझ्या भावोजींच्या तोंडून.

माझं आजोळ देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. मामाकडे एक जुनी पात (छोटी होडी) होती, तिला ९.९ हॉर्सपॉवरचं मशीन. त्याच्यावर त्याने दोन मुलींची लग्नं केली. भावोजी ठाण्याचे, हौशी माणूस, हात सढळ. त्यांनी तुमच्यासारखीच सोळा फुटी बोट घेतली. बांधणाऱ्याने मागच्या फळीवर पट्टीच मारली होती, पंचवीसच्या वर नको. मी म्हटलं पंधरा घ्या. भावोजींनी कुठूनसं सेकंडहँड चाळीसचं आणलं, तेही लाँग शाफ्ट. मामाने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “जावयबापू, ह्यो घोडो होडी वडतलो काय बुडवतलो?” सगळे हसले. भावोजीही हसले.

होळीचा आदला दिवस. म्हणजे चतुर्दशी. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण, हा इकडचा हिशेब: चौदाचे पाऊणपट साडेदहा, म्हणजे साडेदहाच्या सुमारास. उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीला पाण्याला ओढ जबरदस्त. मामाने निघताना बजावलं, “साडेधाच्या आत भुतूर येवा.” आम्ही तिघं, भावोजी, त्यांचा मित्र आणि मी, भोगव्याच्या पुढे निवतीच्या दिशेने खडकाळ भागात जिग (धातूचं वजनदार खोटं आमिष) टाकत होतो. मासे लागत होते. परत फिरलो तेव्हा दीड वाजून गेला होता.

खाडीचं तोंड ज्यांनी दुपारी दोनला उधाणाच्या ओहोटीत पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आतून अख्ख्या खाडीचं पाणी बाहेर पडतंय, समुद्रावरून वायव्येचा वारा आत ढकलतोय, खाली वाळूचा उथळ बांध. सकाळी जिथे तेलासारखं पाणी होतं तिथे लाटा भिंतीसारख्या उभ्या. एका लाटेतून दुसरीत जायला श्वास घेण्याइतकंही अंतर नाही.

भावोजींनी थ्रॉटल पिरगाळला. बोट नाक वर करून सुटली, आणि समोर लाट फुटताना दिसली तसा त्यांनी एकदम बंद केला. इथेच सगळं झालं. वेगात असलेली बोट अचानक थांबली की तिचीच मागची लाट तिला गाठते. मागे सत्तर-ऐंशी किलोचं इंजिन, शिवाय दोन माणसं आणि पेट्रोलची टाकी. मागची फळी आधीच पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. लाट सरळ आत आली, गुडघाभर. टाकी तरंगायला लागली. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, तो चालू इंजिनाला उघडाच लागतो, त्यातून खारं पाणी पेट्रोलमध्ये. इंजिन दोनदा खोकलं आणि गेलं. चाळीस घोडे, सगळे एका वेळी मेले.

आता नांगर टाकायचा. नांगर नव्हता. वल्हं? एक होतं, ते पहिल्याच लाटेबरोबर गेलं. माझ्याजवळ मात्र तीन रॉड, दोन पेट्या आणि एकोणीस ल्यूअर (खोटे मासे) होते, मी नंतर मोजले. मी एका रॉडचा मागचा भाग वाळूत रोवून बोट लाटेला सरळ धरायचा प्रयत्न केला. रॉड मोडला. रॉडने बोट ढकलता येत नाही, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे, तुम्ही करू नका. लाँग शाफ्टचा पंखा वाळूत घासत होता आणि बोट त्याच्याभोवती आडवी फिरत होती. अशा वेळी माणूस घाबरतो हे खरं नाही, माणूस भलतीसलती कामं करतो. भावोजींचा मित्र ल्यूअरच्या पेटीचं झाकण लावत बसला होता.

वाडीतलाच एक जण पात घेऊन आत चालला होता. ९.९ चं मशीन, आवाज सायकलच्या पंपासारखा. तो वळला, त्याचाच दोर फेकला (आमच्याकडे दोरही नव्हता), आणि एक शब्द न बोलता, मुळीच घाई न करता, लाट येईल तशी गती कमी-जास्त करत आम्हाला आत ओढून नेलं. ते ९.९ तीन माणसं, अर्धी बुडालेली बोट आणि चाळीसचं इंजिन ओढत होतं. आणि किनाऱ्याला लागल्यावर भावोजींचं पहिलं वाक्य: “साठचं असतं तर निघालो असतो.”

म्हणून सांगतो. बोट पाणी कापत चालते तोवर तिचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. पंधरा फूट लांबी पाण्यात असेल तर साधारण सव्वापाच नॉट, त्यापुढे कितीही घोडे लावा, ती फक्त मागे बसते आणि खड्डा खणते. तुमची सपाट बुडाची आहे, ती पाण्यावर चढून पळू शकते, पंधरावर दोन माणसं आणि बेताचं सामान घेऊन चढतेही. पण गरवायला पळायचं कशाला? पंधराचं टू स्ट्रोक चाळीस किलोच्या आसपास, दोघांनी उचलून पडवीत आणता येतं. पूर्ण उघडलं तर तासाला सात लिटरच्या जवळपास पितं, चाळीसचं अठरा-वीस. चोवीस लिटरच्या टाकीचा हिशेब तुम्हीच करा.

शाफ्ट आधी मोजा, मग इंजिन बघा. मागच्या फळीची उंची पंधरा इंच असेल तर शॉर्ट, वीस असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा एका बोटाच्या जाडीइतकी खाली आली पाहिजे. ऑइल ५० ला १, म्हणजे लिटरला वीस मिली, नवीन इंजिनाला सुरुवातीला कंपनी सांगेल तेवढं जास्त. चालू केलं की पहिलं काम मागे वळून बघणं. मामाच्या भाषेत, “मुतता काय बघ आधी.” ती पाण्याची बारीक धार दिसली नाही तर तिथल्या तिथे बंद करा, आत रबराचा इंपेलर जळतो आणि मग इंजिन. परत आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा. मग पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी तळाशी जाऊन बसतं. सुट्टीला येणाऱ्या माणसाची टाकी महिनाभर तशीच पडलेली असते. जाताना टाकी रिकामी करा आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घ्या.

रॉडचं विचारलंत. खाडीत तांबोशी, जिताडा (देवगडला चोणक म्हणतील), खडकांत गोबरा. सात फुटी मिडियम हेवी (मध्यम ताठ) रॉड, चार हजार नंबरचं स्पिनिंग रील, दोन नंबरची ब्रेड (विणलेला दोरा), पुढे गरीकडे दीड-दोन हात चाळीस पौंडाची लीडर (जाड दोऱ्याचा तुकडा). पैसे रीलवर आणि दोऱ्यावर घाला, रॉडवर नको. ब्रेड ताकदीची असते पण कालवं लागलेल्या खडकाला एकदा घासली की सुतासारखी तुटते, म्हणून लीडर जाड. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, घरीच स्प्रिंगच्या काट्याने मोजून. तांबोशी लागल्या क्षणी बिळात शिरते, मोजायला वेळ देत नाही. बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, आडव्या फिरकीचं रील) घेऊ नका. चांगलं असतं, पण अंधारात हलत्या होडीत त्याचा गुंता सोडवताना तुम्ही आई-बापाला आठवाल.

रील धुताना नळाची हलकी धार पुरे. जोराचं पाणी मारलंत किंवा बादलीत बुडवलंत तर मीठ बाहेर यायच्या ऐवजी आत जातं. दोरा जिथून वळतो ती बारीक चकती असते ना, तिच्यावर बोट फिरवून बघा. फिरली नाही तर तिथे मीठ साखरेच्या दाण्यासारखं साचलेलं असतं आणि नवी ब्रेड दोन ट्रिपांत कुरतडून टाकतं. एकोणीस ल्यूअर घेऊ नका, चार घ्या. त्यांच्या तीन टोकी गऱ्या एका पावसाळ्यात गंजतात आणि एक गंजकी गरी पेटीतल्या सगळ्यांना गंजवते.

मामाचं टॅकल सांगू? पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस (नायलॉनचा दोरा), शिशाचा तुकडा, गरी, जिवंत सुंगट (कोळंबी). त्या दिवशी आम्ही संध्याकाळी पडवीत पेट्रोल गाळत बसलो होतो तेव्हा तो घरामागच्या धक्क्यावर जाऊन दोन तांबोशी घेऊन आला. काही बोलला नाही. मामीला फक्त म्हणाला, “जावयबापूंका मोठी तुकडी घाल.”

आता जे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं ते. माझा सल्ला खाडीसाठी आणि तोंडाबाहेर मैल-दीड मैलासाठी आहे. पाच-सहा मैल बाहेर सुरमईच्या मागे जायचं असेल, चार माणसं असतील, तर पंचवीस घ्या, पण बोटीवर लिहिलेल्या आकड्याच्या वर नाही. दर आठवड्याला जाणार असाल तर फोर स्ट्रोकचा विचार करा, आवाज कमी, पेट्रोल कमी, वजन दहा किलो जास्त. मी टू स्ट्रोक म्हणतो कारण ती बंदरावरचा कोणीही उघडतो. १ जून ते ३१ जुलै मशीन बाहेर काढू नका, बंदी असते आणि समुद्रही तेव्हा तुमच्या कामाचा नसतो. बोटीची नोंदणी करा. मालवणकडे आलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी टाकण्याआधी हद्द विचारून घ्या. जॅकेट अंगात घालायचं असतं, सीटखाली नाही. आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला.

भावोजींच्या बाजूनेही एक सांगतो, नाहीतर ते खाली येऊन लिहितीलच. पुढे मी पंधरा घेतलं, आणि एकदा अमावास्येच्या ओहोटीत त्याच तोंडाशी वीस मिनिटं जागच्या जागी उभा होतो. किनाऱ्यावरचा एकच माड बघत. शेवटी बाहेर परतलो आणि पाणी फिरेपर्यंत नांगर टाकून बसलो. चाळीस असतं तर कदाचित आत गेलो असतो. दुसरं, त्या शिमग्याला उशीर माझ्यामुळे झाला. साडेदहाला भावोजी चला म्हणत होते, माझा एक गोबरा खडकात सुटला होता आणि मी आणखी अर्धा तास, आणखी अर्धा तास करत बसलो. आणि नांगर पडवीत मीच काढून ठेवला होता, रॉड ठेवायला जागा व्हावी म्हणून. हे त्यांना माहीत आहे. वाद इंजिनाचा आहे, तो वेगळा.

तर पंधरा घ्या, आणि वाचलेल्या पैशांत नांगर, दोन मीटर साखळी, पन्नास मीटर दोर, दोन वल्ही. एवढं वाचूनही चाळीसचंच हवं असेल तर विक्रेत्याकडे जाऊ नका. एक आहे आमच्याकडे, ठाण्याला गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली, त्या शिमग्यापासून चालूच केलेलं नाही. लाँग शाफ्ट. भावोजींशी मी बोलतो.