सोलापुरात दिवसा जॉब, रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, आता पार थकलोय, काय करू?

भावा, हा आळस नाही. सतत थकवा, कामाचा वीट, कितीही केलं तरी काहीच होत नाही असं वाटणं, डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पार गळून जाण्याची, हीच लक्षणं सांगितलीत. रात्री २ वाजता तीच ओळ परत परत वाचण्यापेक्षा सरळ झोप, वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात स्लॅबखालची खोली रात्रीपण तापलेली असते म्हणून गच्चीवर अंथरूण टाक आणि अभ्यास पहाटे ठेव. संध्याकाळी मोबाईल रूमवर ठेवून सिद्धेश्वर तलावाकडं चक्कर मार, दोस्त सोबत असला तर अजून बरं. तरी झोप, भूक बिघडलेलीच राहिली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फ्री, २४ तास, मराठीत बोलतात.